उत्तरेला चुकणारी बोट

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं चालू होतं, आणि कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये मी अजून रोज सकाळी नऊला हजर असायचो. ट्रकचं, ट्रॅक्टरचं, उसाच्या गाडीचं वायरिंग हे माझं काम. शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मास्तरांनी छडी उगारली, मी ती त्यांच्या हातातनं काढून घेतली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. इंजिनिअर झालेली माणसं गाडी बंद पडली की माझ्याकडं येतात. मी कुणाकडं गेलेलो नाही.

डिसेंबरात एका बुधवारी कप्तानाच्या लेकाचा पुण्याहून फोन आला. कप्तान म्हणजे माझा लहानपणचा मित्र. जतकडच्या आमच्या गावात एका सतरंजीवर बसून आम्ही चार यत्ता काढल्या. पुढं तो शिकत गेला आणि जहाजावर लागला, म्हणून गाव त्याला कप्तान म्हणायला लागलं. खरं तर तो कप्तान कधीच नव्हता, इंजिनखोलीत होता. पस्तीस वर्षं जहाजाच्या पोटात, तेलात आणि आवाजात काढली. समुद्र बघायचा तर जिने चढून वर जायचं, आणि वर गेलं की तिथली माणसं विचारायची, काय काम काढलं? तेव्हाच त्यानं मनाशी धरलं होतं की म्हातारपणी स्वतःची बोट घ्यायची आणि वरच्या अंगालाच बसायचं. बायको गेल्यावर त्यानं साताऱ्याचं घर बंद केलं, बामणोलीच्या अंगाला कोयनेच्या पाण्याकाठी दोन खोल्या केल्या, आणि मुंबईहून एक जुनी पांढरी फायबरची बोट ट्रकवर घालून आणली. आमच्या गावातली विहीर शिमग्यापर्यंत पुरायची नाही. तिथल्या माणसाला पाण्याचं एवढं वेड कुठनं लागलं, देव जाणे.

बोट पंचवीस फुटी. आत दोन माणसं झोपतील एवढी खोली, मागं लहान डिझेल इंजिन, आणि सुकाणूचा लाकडी दांडा धरून बसायची जागा. कप्तानाचा उजवा खांदा ऑपरेशनचा, दांडा अर्धा तास धरला की हात गळायचा. त्यासाठी त्यानं ऑटोपायलट म्हणून यंत्र बसवलं होतं. त्याचं काम साधं आहे. खोलीच्या पुढच्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडं होकायंत्राची काळी डबी लावलेली असते. बोटीचं तोंड कुठं आहे ते ती डबी यंत्राला सांगते. आपण बटणानं आकडा द्यायचा, उत्तरेला शून्य, पूर्वेला नव्वद, असा. मग स्टीलचा एक हात सुकाणूचा दांडा ढकलतो, ओढतो आणि बोट त्या आकड्यावर धरून ठेवतो. कप्तान तेवढा वेळ चहा पीत डोंगर बघणार. मी त्या यंत्राला मुका गडी म्हणायचो.

लेकानं फोन केला तो यंत्र दुरुस्त करायला या म्हणून नव्हे. बाबांची समजूत घालायला या, म्हणाला. दिवाळीपासून बोट तीनदा काठाच्या गाळात रुतली होती आणि लाँचवाल्यांनी ओढून काढली होती. कप्तान म्हणायचा, यंत्र चुकतंय. लेकानं शहरातनं एक मेकॅनिक आणून दाखवला, तर त्यानं सगळं तपासून सांगितलं की यंत्रात काही नाही. लेक फोनवर हळू आवाजात बोलला. म्हणाला, काका, यंत्रात काही नाही म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या. बाबा आकडे विसरतात, भलतंच बटण दाबतात. सोमवारी गिऱ्हाईक बोट न्यायला येणार आहे आणि त्याच दिवशी मी बाबांना पुण्याला घेऊन जाणार आहे.

मी त्याला एवढंच विचारलं, सोमवार लांब आहे, तोवर मी यंत्र बघितलं तर चालेल का? तो म्हणाला, बघा, पण बाबांना आशा लावू नका.

गुरुवारी सांगलीहून सातारा आणि साताऱ्याहून कासवरनं खाली बामणोली, अशा दोन एसट्या करून मी पोचलो. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर लाँचवाले बसले होते. मी कप्तानाकडं आलोय कळल्यावर त्यातला एकजण म्हणाला, "आवं पाव्हणं, बरं आलासा. तुमच्या कप्तानाला ईचारा, उद्या कुणाच्या वावरात नांगर घालणार हायती? बी घिऊन येतो." सगळे हसले. मी हसलो नाही. कप्तान मात्र ते रोज ऐकत होता, हे मला घरी गेल्यावर त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. माणूस वाळला होता. मी आल्या आल्या त्यानं मला बोट दाखवली नाही, चहा टाकला. चहात साखर घातली, आणि थोड्या वेळानं परत घातली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बघितलंस? दोनदा घातली."

मी म्हटलं, मी घरी तीनदा घालतो, बायको ओरडली की थांबतो. पण त्याला हसू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी बोटीत उतरलो. बोट धक्क्याला पूर्वेकडं तोंड करून बांधलेली. कप्तानानं त्या यंत्राचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढं ठेवलं, ते मी उशाला घेतलं. वायरीला इंग्रजी येत नाही, मलाही येत नाही, त्यामुळं आमचं जमतं. वीज बॅटरीतनं निघते आणि कामाच्या जागी पोचते. वाटेत कुठं सांडते तेवढं शोधायचं, मग ते ट्रकमध्ये असो की बोटीत.

आणि सांडत होतीच. बॅटरीवर मीटर साडेबारा व्होल्टच्या वर दाखवत होता आणि गड्याचा हात जोर लावायला लागला की यंत्राच्या टोकाला साडेदहा. मधेच टुंटुं करून यंत्र बंद पडायचं ते त्यामुळं. मी इंजिनच्या मागच्या अंगाला पालथा पडून हातानं वायर चाचपत गेलो, तर एका जागी टेपची जाड गाठ लागली. टेप सोलली. आत तांबं पार कळकलेलं, हिरवंगार, नखानं भुगा निघत होता. शहरातल्या त्या मेकॅनिकनं टेपवरनं हात फिरवला असेल आणि पुढं गेला असेल. मी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, दोन्ही टोकं तांब्याच्या नव्या लगमध्ये, म्हणजे जोडनळीत, घालून दाबली, वर कथिलाचा डाक दिला आणि रबरी नळी चढवून गरम केली. मीटर लावला तर सव्वाबारा. पूर्वेचा आकडा दिला, गडी गप्प बसला. दहा वाढवून दिले, लगेच दांडा ढकलला. हात असा चालत होता की जणू दुधातनं फिरतोय.

मी वर येऊन हात पुसले आणि सांगितलं, झालं काम.

कप्तान म्हणाला, पाण्यावर एक चक्कर मारून बघूया. इथं माझं चुकलं, ते सांगून टाकतो. माझ्या शेडमधनं गेलेली गाडी मी कधी परत बोलावून बघितलेली नाही. ते मला कमीपणाचं वाटतं. मी म्हटलं, उद्या तुझ्या लेकासमोरच चक्कर मारू, चालतंय ते मला ठाऊक आहे. त्याच्या तोंडावर आलेलं बरं वाटणं बघून मला आणखीच चढलं.

शनिवारी दहाला लेक आला. माणूस वाईट नाही, हे आधी सांगतो. बापाची औषधं दिवसवार डब्यात भरून आणली होती, गरम पाण्याची पिशवी आणली होती. आम्ही तिघं निघालो. धक्क्यापासनं पूर्वेला रुंद पाणी आहे. कप्तानानं नव्वद आकडा दिला आणि मांडीवर हात ठेवून बसला. बोट दोरी धरल्यासारखी गेली. पैलतीर जवळ आल्यावर वळून पश्चिमेला आलो, तीही तशीच. लेक म्हणाला, काका, हे मस्तच झालं. मी गड्याच्या हाताकडं बघत होतो, माझ्या जोडाकडं बघत होतो. दुसरीकडं बघायची मला गरज वाटली नाही.

मग कप्तान म्हणाला, आता उत्तरेला, पाण्याच्या वरच्या फाट्यात जाऊ. त्यानं बटणं दाबली. बोट वळली आणि वळतच राहिली. डावीकडचा काठ जवळ यायला लागला. कप्तान बटणं दाबत होता, दाबत होता. शेवटी लेकानं पुढं होऊन दांडा ओढला, पण तोवर बोटीच्या पोटाखाली गाळ लागला होता. इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं, आणि लांबनं एक लाँच आमच्याकडं वळताना दिसली.

लेक पडद्यावरचा आकडा बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही उत्तर म्हणालात. इथं वीस आहे."

"शून्य दिला हुता."

"मग वीस कुणी केलं?"

"मीच. डावीकडं जायला लागली म्हणून." कप्तान थांबला. "का आधीच दिला हुता, आता सांगता येईना."

लेकानं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? कप्तानानं कुठला आकडा दिला ते मी बघितलंच नव्हतं. लाँचवाल्यांनी बांबू लावून आम्हाला मागं ढकललं. वावराची चेष्टा परत झाली, पण लेक समोर असल्यामुळं हळू आवाजात.

दुपारी लेक जेवून फोनवर कामाला बसला. कप्तान पायरीवर माझ्याशेजारी येऊन टेकला. पाण्याकडं बघत म्हणाला, "गड्या, एक खरं सांग. तुझं आणि माझं साठ-पासष्ट वर्षांचं हाय. माझं डोकं जायला लागलंय का रं?"

मी म्हटलं, न्हाई.

"तुझा जोड बरोबर हाय का?"

म्हटलं, हाय.

"मग दोन्ही बरोबर कसं असंल?"

पुण्याला जायला तो भीत नव्हता. लेकाचं घर चांगलं आहे, नातवंडं आहेत. पण आपण खुळे झालोय म्हणून आपल्याला नेतायत, हे डोक्यात घेऊन तिथं राहायचं म्हणजे माणूस बसल्या जागी संपणार. आणि आता तो स्वतःही ते मानायला लागला होता. मी लेकाकडं गेलो आणि सांगितलं, उद्याचा दिवस माझा. तो नको म्हणाला नाही.

रविवारी सकाळी मी कप्तानाला म्हटलं, आज गड्याला सुट्टी. तू खांदा सांभाळून हातानं बोट चालव, मी आकडे लिहितो. बोटीत दोन पडदे होते. एकावर उपग्रहावरनं कळायचं की बोट खरोखर कुठल्या दिशेला सरकतेय. दुसऱ्यावर होकायंत्राची डबी काय म्हणते ते. दोन्ही एकाच वेळी बघायचे. मला इंग्रजी अक्षर लागत नसलं तरी आकडे चांगले लागतात. खिशात एक लग्नपत्रिका होती, तिच्या पाठीवर मी लिहीत गेलो. पूर्वेला गेलो, दोन्ही नव्वद. पश्चिमेला गेलो, दोन-तीनाचा फरक, म्हणजे काहीच नाही. उत्तरेला वळलो आणि डबी पस्तीसनं खोटं बोलायला लागली. दक्षिणेला गेलो, परत पस्तीस, पण उलट्या अंगाला.

परत एक फेरी मारली. तेच आकडे, तेवढेच.

तिथं मला पहिल्यांदा हायसं वाटलं. कप्तान उत्तरेला शून्यच देत होता, आणि त्या शून्याला यंत्र बोट भलतीकडं नेत होतं. शहरातल्या मेकॅनिकनं आणि मी, दोघांनीही बोट धक्क्याला बांधून तपासली होती. धक्क्याला तिचं तोंड पूर्वेला. पूर्वेला डबी खरं बोलत होती.

आता प्रश्न असा की डबी दिशा बघून खोटं का बोलते. वायर उत्तर-दक्षिण ओळखत नाही. वायर बिघडली तर सगळीकडं सारखी बिघडते. माझा बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेकडं चालायला लागायचा आणि त्यानं जन्मात होकायंत्र बघितलं नव्हतं. तो म्हणायचा, कळप वाट चुकला तर कळपाला मारू नये, म्होरक्याकडं बघावं. मी दोन दिवस कळपाला मारत होतो. इथला म्होरक्या म्हणजे ती काळी डबी, आणि तिला कुणीतरी कान धरून ओढत होतं. होकायंत्राचा कान एकच गोष्ट धरते, लोखंड नाहीतर चुंबक. आणि ते बोटीतच होतं, बोटीबरोबर वळत होतं.

आम्ही नांगर टाकला. कप्तानाकडं हातात धरायचं एक छोटं होकायंत्र होतं. ते घेऊन मी एकटा आत गेलो आणि कुत्र्यासारखा वास घेत सरकायला लागलो. इंजिनच्या बाजूनं सुरुवात केली, मग शेगडी, डब्यांची फळी, झोपायची जागा. काटा जरा हलायचा आणि जाग्यावर यायचा. पुढच्या प्लायवूडच्या भिंतीपाशी आलो. तिथं देवाच्या फोटोची एक लहान फळी होती. होकायंत्र फळीजवळ नेलं आणि काटा गर्रकन फिरला.

फोटो उचलला. मागं दोन स्क्रूंनी ठोकलेला काळ्या घोड्याचा नाल होता.

तो मी ठोकला होता.

माझ्या हातचं वायरिंग झालेली एकही गाडी नालाशिवाय शेडच्या बाहेर गेलेली नाही. ट्रक असो, रिक्षा असो, पुढं काळ्या घोड्याचा नाल लागतो, तोही घोड्याच्या पायात झिजलेला. मागल्या वर्षी बोटीची पूजा झाली तेव्हाही मी घेऊन आलो होतो. कप्तान तेव्हा हसला होता. म्हणाला होता, बोटीला घोड्याचं पायताण कशाला, आणि बाहेर गंजेल ते वेगळंच. मला राग आला, मी नाल परत घेऊन गेलो. यंदा दसऱ्याला आलो तेव्हा नाल परत पिशवीतनं आणला. कप्तान घरी चहा करत होता तेवढ्यात आत जाऊन फोटोमागं ठोकला आणि चकार शब्द काढला नाही. पलीकडं वितीच्या आत ती काळी डबी आहे, हे मी बघितलं नाही. एवढंच असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण तो नाल वर्षभर माझ्या शेडमध्ये जुन्या लाऊडस्पीकरच्या चुंबकाला चिकटलेला होता. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. नाल स्वतःच चुंबक झाला होता. दसऱ्याला मी तो ठोकला आणि दिवाळीपासून बोट गाळात जायला लागली.

वरनं कप्तानानं विचारलं, सापडलं का? मी म्हटलं, बघतोय. नाल काढला आणि बंडीच्या आतल्या खिशात घातला.

मग बोट दोनदा सावकाश गोल फिरवली, तसं केलं की डबी स्वतःला परत जुळवून घेते, हे कप्तानाला पुस्तकातनं ठाऊक होतं. पत्रिकेवर दुसऱ्या बाजूला आकडे लिहिले. चारी दिशांना दोन्ही पडदे एकच बोलत होते. कप्तानानं विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, डबीची जागा जरा साफ केली. तेवढं खोटं मी बोललो.

चार वाजता लेकाला घेऊन गेलो. ह्या वेळी आकडा मी कप्तानाकडनं मोठ्यानं म्हणून घेतला. उत्तर, शून्य. मुका गडी बोट फाट्यात घेऊन गेला, मधोमध, काठ दोन्हीकडं सारखा. दक्षिणेला परत आलो. लेक सगळं नीट बघत होता. धक्क्याला उतरल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. कप्तान चार हातांवर दोरी बांधत होता, त्याला ऐकू जात होतं.

लेक म्हणाला, "काका, यंत्र आता चालतंय. पण मेकॅनिकच्या वेळीही चालत होतं. बाबांच्या हातात गेलं की बिघडतं. आज तुम्ही शेजारी होता. उद्या एकटे असताना काय दाबतील, मला झोप लागणार नाही."

कप्तान दोरी तशीच धरून म्हणाला, "त्याचं बरोबर हाय. कपडे भरतो मी."

मी आयुष्यात गिऱ्हाइकाची माफी मागितलेली नाही. चूक झाली तर फुकटात दुरुस्त करून दिली असेल, पण तोंडानं म्हटलेलं नाही. बायकोलाही म्हटलेलं नाही. गप्प राहिलो असतो तर यंत्र दुरुस्त करणारा मीच ठरलो होतो, सगळ्यांनी मान डोलावली असती. पण कप्तान त्या दोरीची गाठ सोडून परत बांधत होता, बरोबर बांधली का ते त्याला कळेना झालं होतं. ती बरोबर होती.

मी नाल काढून लेकाच्या हातात दिला.

"ह्यो माझा हाय. दसऱ्याला मी चोरून बोटीत ठोकला. डबीच्या पाठीलाच. तुझ्या बाबाला ठाव न्हाई. त्यानं उत्तर दिली, तवा उत्तरच दिली हुती. चार येळा गाळात गेला, त्यो माझ्या पायी गेला."

मग पत्रिका काढून दोन्ही बाजूंचे आकडे दाखवले, आधीचे आणि नंतरचे. लेक शिकलेला आहे, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यानं बोटीत जाऊन नाल हातानं भिंतीजवळ धरला, पडद्यावरचा आकडा बघितला, नाल लांब नेला, परत बघितला. असं चार-पाचदा केलं. मग बाहेर आला आणि नाल बापाच्या हातात दिला.

म्हणाला, "म्हणजे बाबांचं डोकं ठिकाणावर आहे. तुमचं तपासायला पाहिजे, काका."

म्हटलं, तपास. चौथीपर्यंतचं हाय, फार येळ लागणार न्हाई.

कप्तानानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नाल हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "पस्तीस वर्षं समुद्रात काढली. वादळात बुडलो न्हाई. आन् मला बुडवायला घोडं लागलं, तेबी मेल्यालं." आणि हसायला लागला. खांदा धरून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चहात दोनदा घातलेल्या साखरेचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, ती मला आवडते म्हणून घातली असणार.

लेकानं तिथंच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन केला, बोट द्यायची नाही म्हणून सांगितलं. बापाला अट एकच घातली, एकटे गेलात की फोन चालू ठेवायचा. रात्री तिघं एका ताटलीतली भाकरी मोडून जेवलो आणि लवकर झोपलो.

मला मात्र एक गोष्ट उरली होती. लेकाला कळलं, कप्तानाला कळलं. टपरीला कळलं नव्हतं. लेक आज ना उद्या पुण्याला जाणार आणि कप्तानाला त्या लाँचवाल्यांच्यात राहायचं होतं. त्यांनी त्याला खुळा ठरवलं होतं आणि त्याच्या तोंडानं त्यानं सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं. म्हातारा मित्रावर ढकलतोय, म्हणाले असते. ते मीच सांगायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन एसटीच्या आधी टपरीवर गेलो. सातआठजण होते. चहा सांगितला आणि बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. नाल कुणाचा, कुणी ठोकला, कुणापासनं लपवला, आणि बोट फक्त उत्तर-दक्षिणेलाच का चुकायची. आवाज बारीक केला नाही. त्या दिवशीचा तो वावरवाला म्हणाला, "आवं म्हातारबा, तुमाला कुणी ईचारलं हुतं व्हय? गप जायाचं एसटीत बसून."

मी म्हटलं, "ईचारल्यावर सांगायला मी काय कोर्टात हाय? चूक माझी. आन् हुडकली तीबी मीच. तुमच्या शहरातल्या मेकॅनिकला घावली न्हाई."

तेवढ्यात पाण्यावर इंजिनाचा आवाज आला. कप्तान एकटा निघाला होता. फाट्याच्या तोंडाला बोट उत्तरेला वळली आणि मधोमध सरळ गेली. दांड्यावर त्याचा हात नव्हता. टपरीवरचे सगळे उठून बघत होते.

मग तो वावरवाला जरा जवळ आला आणि म्हणाला, त्याच्या लाँचचा सेल्फ आठ दिवसांपासनं अडकतोय, दोरीनं ओढून चालू करावं लागतं, जाता जाता बघता का. एसटी वळणावर येऊन हॉर्न देत होती. मी ती जाऊ दिली, पिशवी टपरीवर ठेवली, पाना काढला आणि त्याच्या लाँचीत उतरलो. सेल्फ उघडण्याआधी त्याला सांगितलं, दुरुस्त झाली की पाण्यावर चक्कर मारून बघायची, त्याशिवाय मी इथनं हलत नाही.